गालाला लागेल इतका वारा

चांदणी चौकातून खाली उतरलेला मुंबई-बंगळूर महामार्ग वारज्यातून मुठेच्या पुलाकडे जातो. त्याच्या सेवा रस्त्याने चालत निघालात आणि माळवाडीच्या आतल्या गल्ल्यांतही डोकावलात, तर धातूकाम करणारी तीन तऱ्हेची दुकानं दिसतील. पहिलं ग्रिल-गेट-शेडवाल्याचं. त्याचं निम्मं काम दुकानाबाहेरच चालतं. लोखंडी चौकट फुटपाथवर आडवी टाकायची, अर्थिंगचा चिमटा लावायचा, होल्डरमध्ये रॉड अडकवायचा की झालं सुरू. दुसरं अॅल्युमिनियम सेक्शनचं, म्हणजे स्लायडिंग खिडक्या आणि ऑफिसची पार्टिशनं करणाऱ्याचं. त्याच्याकडे कटर, ड्रिल, रिव्हेट गन, स्क्रूंचे डबे, सिलिकॉनच्या नळ्या असं सगळं असतं, वेल्डिंग मशीन मात्र बहुधा नसतं. तिसरं दुकान त्या मानाने विरळा. पाटीवर ‘आर्गन वेल्डिंग’ लिहिलेलं, आत मोटारसायकलचं तडकलेलं इंजिन केसिंग, वाकलेलं अलॉय व्हील, कुठल्याशा मशीनचा तुटलेला कान. शटर अर्ध्यावर ओढलेलं, आणि ऐन मे महिन्यात पंखा बंद.

तिन्ही माणसं धातूच जोडतात. पण पहिला उघड्यावर बिनधास्त वेल्डिंग करतो, दुसरा त्या भानगडीत पडत नाही आणि तिसरा करतो ते दार लोटून, घाम गाळत. दुसऱ्याच्या सावधपणाला इतरही कारणं आहेत, ती पुढे येतील. तिसऱ्याचा बंद पंखा मात्र एका गोष्टीमुळेच बंद असतो. हलती हवा आणि वितळलेलं अॅल्युमिनियम यांचं अजिबात पटत नाही.

तसं पाहिलं तर अॅल्युमिनियमचं न हलत्या हवेशीही पटत नाही. जर्मलचं पातेलं आपण शंभरदा घासतो, तरी ते लोखंडासारखं गंजत नाही, याचं कारण ते हवेला दाद देत नाही असं नसून ते फार लवकर दाद देतं, हे आहे. घासलेल्या पृष्ठभागावर क्षणार्धात ऑक्साइडचा थर चढतो. तो काही नॅनोमीटर जाडीचा असतो, पण इतका घट्ट की खालच्या धातूला पुन्हा हवा लागू देत नाही. खिडकीची चौकट पंचवीस पावसाळे काढते ती या थराच्या जिवावर. वेल्डरच्या मुळावर येतो तोही हाच थर. अॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि त्याचं ऑक्साइड २,००० अंशांच्याही वर. म्हणजे आतला धातू पाण्यासारखा पातळ झालेला असतो, तरी वरची कातडी घनच राहते. दोन तुकड्यांचे रस शेजारी शेजारी उभे राहतात, पण मधल्या कातडीमुळे एकमेकांत मिसळत नाहीत. नवशिक्या आणखी तापवतो, आणि मग सगळंच एकदम खाली गळून भोक पडतं. लोखंड वितळण्याआधी लालभडक होऊन इशारा देतं. अॅल्युमिनियम रंग न बदलताच बसतं.

त्यावर भर म्हणजे हायड्रोजन. वितळलेल्या अॅल्युमिनियममध्ये हायड्रोजन बऱ्यापैकी विरघळतो. धातू गोठला की त्याची विरघळण्याची क्षमता एकदम घसरते, जवळपास वीसपट. आधी आत शिरलेला वायू मग बाहेर पडायला बघतो, पण अॅल्युमिनियम उष्णता इतक्या झपाट्याने वाहून नेतं की रस गोठायला वेळ लागत नाही. वायूचे बुडबुडे आतच अडकतात. कारागीर त्याला ‘पिनहोल’ म्हणतात, फारच झाले तर ‘जाळी पडली’ म्हणतात. हा हायड्रोजन येतो पाण्यातून. तुकड्यावरचं दव, बोटाचा घाम, तेलाचा ओशटपणा, आणि सगळ्यांत मोठा साठा म्हणजे हवेतली वाफ. आर्कच्या उष्णतेत पाण्याचा रेणू फुटतो आणि हायड्रोजन मोकळा होतो.

पुण्यात जुलै महिन्यात हवेच्या दहा लाख भागांत वाफेचे पंचवीस हजारांच्या आसपास भाग असतात. जोडाला हवा लागू नये म्हणून त्यावर जो आर्गन वायू सोडतात, त्याच्या चांगल्या प्रतीच्या सिलिंडरमध्ये हाच आकडा दहाच्या आत असतो. आता हिशेब करा. जोडावरच्या शंभर भाग आर्गनमध्ये एकच भाग बाहेरची हवा मिसळली, तरी वाफ दहावरून एकदम अडीचशेवर जाते. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही, नाकाला काही कळत नाही.

फुटपाथवरच्या ग्रिलवाल्याला ही चिंता का नसते? कारण त्याच्या रॉडवर जो करडा लेप असतो, त्यातच सगळी व्यवस्था केलेली असते. लेप जळतो, त्यातून वायू निघून वितळलेल्या लोखंडाभोवती राहतो, आणि वर काचेसारखी मळी बसते. संरक्षण जिथे हवं तिथेच, आर्कच्या तोंडाशी तयार होतं. स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्गने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात असा लेपाचा रॉड आणला आणि लोखंडाचं वेल्डिंग कारखान्याच्या भिंतींबाहेर पडलं. पूल, जहाजं, पाइपलाइनी हे सगळं उघड्यावर जोडता येऊ लागलं.

अॅल्युमिनियमसाठीही लेपाचे रॉड आहेत. वारज्यात नाही, तरी शहरातल्या मोठ्या वेल्डिंग साहित्याच्या दुकानात मिळतात. पण त्यांचा लेप क्लोराइड-फ्लोराइड क्षारांचा असतो. तो हवेतलं पाणी शोषतो, त्यामुळे डबा फोडून ठेवला की पावसाळ्यात आठवडाभरात रॉड वाया. रॉड लोखंडाच्या रॉडपेक्षा कितीतरी वेगाने संपतो, हात त्याच वेगाने चालवावा लागतो. आणि जोड झाल्यावर मळीचा कणही राहिला, तर तेच क्षार पुढे अॅल्युमिनियम खात बसतात. गरम पाणी आणि ब्रश घेऊन घासून काढावंच लागतं. जाड भिंतीच्या ओतीव तुकड्याची, शेतावरच्या पंपाची तात्पुरती दुरुस्ती असेल तर ठीक. नाहीतर माझ्या मते हा अगदी शेवटचा उपाय.

उरतो तो वायूचा पडदा. १९४१ मध्ये अमेरिकेत नॉर्थ्रप विमान कंपनीत काम करणाऱ्या रसेल मेरेडिथने टंगस्टनच्या टोकावर आर्क पेटवून भोवती हेलियम सोडण्याची रीत बसवली; तिलाच आज टिग म्हणतात. त्याला जोडायचं होतं विमानाचं मॅग्नेशियम, म्हणजे अॅल्युमिनियमहूनही तापट धातू. हेलियम अमेरिकेत नैसर्गिक वायूबरोबर सापडत होता म्हणून तो घेतला. पुढे जगाने बहुतेक कामांसाठी आर्गन पत्करला, आणि उघड्यावरच्या कामापुरतं तर ते बरंच झालं. हेलियम हवेच्या सातव्या हिश्शाइतका हलका, सोडला की वर पळतो. आर्गन हवेपेक्षा सुमारे ३८ टक्के जड, जोडावर बसून राहतो. लॉर्ड रेले आणि विल्यम रॅम्झी यांनी १८९४ मध्ये हा वायू हवेतच शोधला. आपल्या श्वासातल्या हवेत तो जवळपास एक टक्का असतो, आणि कारखान्यात हवा द्रवरूप करूनच तो वेगळा काढतात. हवेपासून वाचवणारा वायू हवेतूनच काढायचा, ही गंमत आर्गन दुकानातल्या निळ्या सिलिंडरकडे बघताना सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

ऑक्साइडच्या कातडीचं काय? ते काम विजेची दिशा करते. अॅल्युमिनियमसाठी टिग मशीन एसीवर चालवतात. एका अर्ध्या फेरीत धातू तापतो, दुसऱ्या अर्ध्या फेरीत ऑक्साइड फुटून बाजूला होतं. रसाच्या कडेला जी पांढुरकी, खरवडल्यासारखी पट्टी दिसते ती या सफाईची. मात्र ही सफाई एकदाच झालेल्या कातडीची असते. वारा पडदा फाडून दर सेकंदाला नवी हवा आणत असेल, तर वीज एकीकडे साफ करते आणि हवा दुसरीकडे पुन्हा कातडी चढवते.

आता या पडद्याच्या ताकदीचा हिशेब मांडू, कारण इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. टिगच्या टॉर्चला पुढे चिनी मातीचा कप असतो. सात नंबरचा कप म्हणजे सोळा भागांतले सात इंच, सुमारे ११ मिलिमीटर व्यासाचा. फ्लोमीटरवर मिनिटाला १२ लिटर आर्गन लावला, तर त्या तोंडातून वायू सेकंदाला दोन मीटरने बाहेर पडतो. म्हणजे ताशी साडेसात किलोमीटर. सकाळी फिरायला निघालेला माणूस जरा भरभर चालला तर गाठेल इतकाच हा वेग. तितक्याच वेगाचा वारा आडवा आला, तर आर्गनची धार सरळ खाली न पडता तिरकी होते आणि एका बाजूने जोड उघडा पडतो. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या बांधकाम-संहितेने वायूच्या पडद्याखालच्या वेल्डिंगसाठी जोडाजवळच्या वाऱ्याची मर्यादा ताशी ५ मैल, म्हणजे ८ किलोमीटर घातली आहे. तिचा मेळ आपल्या या साध्या भागाकाराशी बसतो.

मग वायूच वाढवावा, मिनिटाला २५ लिटर करावा, हा प्रत्येकाला सुचणारा उपाय. तो बहुधा फसतो, आणि का फसतो हे १८८३ मध्ये मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्सने काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची रेघ सोडून दाखवलं होतं. वेग कमी असेतो रेघ सरळ जाते. एका मर्यादेपलीकडे ती फुटते, भोवरे होतात, आणि बाजूचं पाणी आत ओढलं जातं. रेनॉल्ड्स अंक म्हणून जो ओळखला जातो, तो नळीतल्या प्रवाहासाठी सुमारे दोन हजारांच्या पुढे गेला की ही गडबड सुरू होते. आपल्या सात नंबरच्या कपातून १२ लिटर सोडले तर तो सतराशेच्या आसपास येतो. २५ लिटर सोडले तर साडेतीन हजारांपलीकडे. म्हणजे वाऱ्याशी भांडायला म्हणून वाढवलेला आर्गन स्वतःच भोवरे करून बाहेरची हवा आत ओढतो. वर सिलिंडर लवकर संपतो तो वेगळाच. सात घनमीटरचा सिलिंडर १२ लिटरने साडेनऊ तासांहून जास्त पुरतो, २५ लिटरने पावणेपाच तासांत संपतो.

कप मोठा करणं हा त्यापेक्षा शहाणपणाचा मार्ग. बारा नंबरचा, १९ मिलिमीटरचा कप लावला, त्याच्या आत जाळीदार गॅस लेन्स बसवली आणि २० लिटर सोडले, तर प्रवाह अजून सरळ राहतो आणि जोडाभोवती रुंद वर्तुळ झाकलं जातं. पण धारेचा वेग सेकंदाला सव्वा मीटरही राहत नाही. वाऱ्यापुढे ती आणखी मवाळ. सारांश इतकाच की आर्गन वाऱ्याला हरवू शकत नाही. वारा दुसऱ्याच कशाने तरी थांबवावा लागतो.

आणि ताशी ८ किलोमीटर म्हणजे नेमका किती वारा? ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस ब्यूफोर्टने १८०५ मध्ये वाऱ्याच्या पायऱ्या ठरवल्या, त्या पुढे जमिनीवरच्या खुणांनाही जोडल्या गेल्या. पहिल्या पायरीला धूर वाकतो. दुसऱ्या पायरीला, ताशी ६ ते ११ किलोमीटरला, वारा चेहऱ्याला जाणवतो आणि पानं सळसळतात. संहितेची मर्यादा या दुसऱ्या पायरीच्या मधोमध येते. म्हणजे वारा गालाला लागला की अॅल्युमिनियमच्या दृष्टीने तो जास्तच झाला. आपण ज्याला झुळूक म्हणून सुस्कारा सोडतो, ती झुळूकच पुरेशी आहे. दुकानातल्या पंख्याचा वारा तर तिच्याहून कितीतरी जास्त असतो. टेबलावर ठेवलेलं बिल उडतं तिथे आर्गन कसा टिकणार?

वारज्यात वारा कुठून येतो, हेही कामाआधी ठाऊक असावं. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा पावसाळी वारा दिवसभर असतो. एप्रिल-मेमध्ये कोकणातली समुद्राची हवा घाट चढून संध्याकाळी पुण्यात पोचते. दिवसभर तापून निपचित पडलेली हवा अचानक हलायला लागते, तीच वेळ. वळवाचा पाऊस यायच्या आधी जो वारा सुटतो, त्याच्याबद्दल तर बोलायलाच नको. त्यात महामार्गावरून जाणारा प्रत्येक कंटेनर स्वतःचा एक झोत मागे सोडतो, आणि सेवा रस्त्याच्या कडेला बसलेल्या माणसाला तो न चुकता लागतो. शांत हवा हवी असेल तर नोव्हेंबर ते जानेवारीच्या सकाळी. नदीकाठी धूर थर धरून बसलेला दिसतो, त्या. फक्त तेव्हा धातू थंड असतो आणि त्यावर दव असतं. सुरुवातीला हलक्या आचेने कोमट करून, कोरडा करून घ्यावा लागतो.

मोबाइलवर हवामानाचा जो आकडा दिसतो, तो जमिनीपासून दहा मीटर उंचीवरच्या मोकळ्या हवेचा असतो, ही जागतिक पद्धत आहे. तुमचं काम तळमजल्यावर भिंतीआड असेल तर प्रत्यक्ष वारा त्याहून कमी, सातव्या मजल्याच्या गच्चीवर असेल तर जास्त. आकडा बघून निर्णय घेण्यापेक्षा अगरबत्ती पेटवून जोडाच्या जागी धरावी. धूर चार बोटं सरळ वर गेला तर मशीन चालू करावं, आडवा झाला तर थांबावं. याहून स्वस्त वायुमापक मला माहीत नाही.

समजा, अशाच एका गच्चीवर काम आहे. सोलर पॅनेलच्या चौकटीचा अॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप, तीन मिलिमीटर जाडीचा, पायाशी तडकलाय. चौकट सिमेंटच्या ठोकळ्यांत गाडलेली, सोडवणं अवघड. मशीन एसीवर १२० अँपियरच्या आसपास. आधी पाइप अॅसिटोनने पुसायचा, मग स्टेनलेसच्या ब्रशने घासायचा. क्रम उलटा केला तर तेल ब्रशने धातूत चोळलं जातं. ब्रश फक्त अॅल्युमिनियमसाठी राखलेला हवा, लोखंड घासलेला चालत नाही. गाड्यांच्या ब्रेकसाठी मिळणारा क्लोरीनयुक्त क्लीनर मात्र जवळही आणू नये. आर्कच्या अतिनील किरणांत त्यापासून फॉस्जिन तयार होऊ शकतो, आणि फॉस्जिन हा पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला वायू आहे.

आर्क पेटतो. सगळं ठीक असेल तर एक-दोन सेकंदांत धातूवर आरशासारखं चकचकीत डबकं दिसतं. फिलर त्याच्या पुढच्या कडेला टेकवला की तो चटकन आत ओढला जातो. आता एक झुळूक येते. पहिला बदल कानाला कळतो, एकसुरी गुणगुण तुटून तडतड सुरू होते. मग डबक्याचा आरसा मंद होतो, त्यावर करडी साय धरल्यासारखी दिसते. फिलरचं टोक गोळी होऊन लोंबतं, आत शिरत नाही. आर्क बंद करून पाहावं तर टंगस्टनचं चकचकीत टोक निळं-काळं पडलेलं, आणि जोडाच्या कडेला काजळी. वरून जोड कधीकधी बराही दिसतो. ग्राइंडर फिरवला की खाली सुईच्या टोकाएवढी भोकं उघडी पडतात. त्यावर पुन्हा जोड मारून ती बुजत नाहीत, तो वायू पुन्हा वर येतो. खालपर्यंत घासून, स्वच्छ धातू लागेपर्यंत काढूनच परत सुरुवात करावी लागते.

निरांजन घेऊन देव्हाऱ्यातून तुळशीकडे जाणाऱ्या बाईचा तळहात ज्योतीच्या अगदी जवळ असतो, अंगणाच्या कडेला नसतो. आडोशाचंही तसंच. गच्चीच्या कठड्याला ताडपत्री बांधली आणि दहा फुटांवर काम केलं, तर ताडपत्रीच्या वरून आलेला वारा मागे भोवरा घालून खाली उतरतो, आणि त्याची दिशा क्षणाक्षणाला बदलते. सरळ वाऱ्यापेक्षा हा भोवरा त्रासदायक. यासाठी बाहेरच्या बाजूला पूर्ण बंद पडद्यापेक्षा बांधकामावर लावतात ती हिरवी जाळी बरी. अर्धी उघडी, अर्धी बंद असल्याने ती वाऱ्याला अडवत नाही, मंद करते, आणि मागे भोवरे कमी होतात. शेतकरी वाऱ्याच्या बाजूला शेवरीची, सुरूची रांग लावतात, तिथेही हेच तत्त्व आहे. जाळीने मंद झालेला वारा मग जोडापासून हातभर अंतरावर पत्र्याच्या किंवा वेल्डिंग ब्लँकेटच्या तीन बाजूंच्या खोक्याने थांबवायचा. प्लास्टिकची जाळी आणि ताडपत्री पेट घेतात, म्हणून त्या लांब. न जळणारं ते जवळ. शेजारच्या इमारतीतल्या लोकांच्या डोळ्यांचंही या खोक्यामुळे रक्षण होतं. अॅल्युमिनियम प्रकाश परत फेकतं, आर्क लोखंडाच्या कामापेक्षा जास्त डोळ्यांत जातो.

इतकं करूनही जोड बिघडत असेल तर पाइपाच्या आत पाहावं. ही गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. पोकळ पाइपाचं एक टोक वाऱ्याकडे उघडं असेल, तर वारा आतून वाहत येतो आणि जोडाच्या फटीतून खालून वर फुंकर घालतो. बाहेर चहूबाजूंनी बंद केलेला आडोसा काय कामाचा? टोकांत कापडाचा बोळा किंवा टेप लावायची. पूर्ण हवाबंद मात्र करायचं नाही. आतली हवा तापून फुगते आणि शेवटचा इंचभर जोड लागत असताना तिथून रस उडवून बाहेर येते. बारीकशी वाट ठेवावी लागते.

आडोसा जास्तच घट्ट केला तर उलट धोका. आर्गन जड, तळाशी साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. खड्ड्यात, पाण्याच्या टाकीत, तळ बंद तंबूत डोकं खाली घालून काम करणारा माणूस गुदमरतो आणि गुदमरतोय हे त्याला समजतही नाही. वर उघडा, बाजूंनी आडोसा, आणि बसायची जागा उंच असं असावं. मशीनच्या स्वतःच्या पंख्याचं तोंड जोडाकडे नसावं, हे सांगायला नको, पण सांगावं लागतं.

टंगस्टनऐवजी वितळणारी तारच आर्क धरते ते मिग वेल्डिंग असेल तर नोझल मोठं, वायू जास्त, काम भरभर, त्यामुळे ते किंचित जास्त वारा सोसतं. लोखंडासाठी मिगमध्ये अशी पोकळ वायर मिळते की जिच्या पोटातच मसाला भरलेला असतो आणि वायू लागतच नाही. अॅल्युमिनियमला तशी सोय रोजच्या बाजारात नाही. वीजकेंद्रांच्या स्विचयार्डात अॅल्युमिनियमच्या नळ्यांचे बसबार जागेवरच जोडावे लागतात, माळरानावर. तिथे तंबू उभारून, हवा बघूनच काम करतात. ज्यांच्याकडे पैसा आणि माणसं दोन्ही आहेत, त्यांनाही याहून वेगळी युक्ती सापडलेली नाही.

ज्यांना सापडली, त्यांनी आर्कच सोडून दिला. इंग्लंडच्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये १९९१ मध्ये घर्षणाने जोडायची रीत निघाली. फिरती कडक मेख दोन पत्र्यांच्या सांध्यात दाबून पुढे नेतात. धातू वितळतच नाही, मऊ होऊन एकमेकांत घुसळला जातो. वितळत नाही म्हणून हायड्रोजन नाही, आर्क नाही म्हणून वारा काही करू शकत नाही. पण त्यासाठी लागतं ते अवजड, पक्कं बसवलेलं मशीन. ते गच्चीवर कोण चढवणार? रेल्वे डब्यांच्या लांबलचक पत्र्यांसाठी जगभर ही रीत वापरतात. पुणे मेट्रोचे डबे अॅल्युमिनियमचेच आहेत. देशात बांधलेले अॅल्युमिनियमचे पहिले मेट्रो डबे २०२२ मध्ये तितागढ कंपनीच्या कारखान्यातून पुण्यासाठीच निघाले. वनाझच्या डेपोत ते उभे असतात, वारज्यापासून जवळच. त्या डब्यांचे जोड छपराखालीच लागले.

आता दुसऱ्या दुकानदाराकडे येऊ, रिव्हेट गनवाल्याकडे. तो वेल्डिंग करत नाही म्हणून त्याला कमी समजायचं कारण नाही. त्याच्या सेक्शनवर पावडर कोटिंग असतं, ते वेल्डिंगने जळतं. शिवाय उष्णता देऊन कठीण केलेलं अॅल्युमिनियम जोडाच्या आजूबाजूला पुन्हा मऊ पडतं. ६०६१ या मिश्रधातूची टी-६ प्रकारातली ताकद चौरस मिलिमीटरला सुमारे ३१० न्यूटन. जोड लागला की त्याच्या शेजारच्या पट्ट्यात हिशेबाला १६५ धरतात. जोड कितीही देखणा असो, जवळजवळ अर्धी ताकद गेलेली असते, आणि ती आडोशाने परत येत नाही. बोल्ट आणि रिव्हेट भोक पाडतात, पण धातू मऊ करत नाहीत. वाऱ्याचं तर त्यांना सोयरसुतकच नाही.

म्हणून गच्चीवरची चौकट, गेटचा अॅल्युमिनियमचा कान, गाडीची शिडी, काहीही तुटलं तर कारागिराला पहिला प्रश्न ‘वेल्डिंगचे किती घ्याल?’ हा विचारू नका. ‘हे सोडवून दुकानात नेता येईल का?’ हा विचारा. नेता येत नसेल तर बाहेरून पट्टी लावून बोल्ट मारता येतील का, हे विचारा. दोन्ही जमत नसेल आणि जागेवरच जोडायचं असेल, तर हिवाळ्याची सकाळ ठरवा, जाळी-खोका बांधायला त्याला तासभर द्या आणि त्या तासाची मजुरी बिलात धरा. आणि काम चालू असताना उकडतंय म्हणून त्याच्याकडे पंखा वळवू नका.